हलू नका!

माणसाला आयुष्यात दोन ठिकाणी छाती पुढे काढून, श्वास रोखून, न हलता उभं राहावं लागतं. एक फोटोग्राफरपुढे आणि दुसरं शत्रूपुढे. फोटोग्राफरपुढे हललं तर फोटो जातो. शत्रूपुढे हललं तर जीव जातो, आणि न हललं तरी जायची शक्यता असतेच. हे दोन्ही प्रसंग एकाच जागी घडवून आणावेत अशी कल्पना ज्या गृहस्थांच्या डोक्यात आली, त्यांच्याविषयी बी.कॉम.ला काही शिकवत नाहीत. कॉमर्सच्या इतिहासात कुणी लढत नाही. फार तर बुडतं.

त्यामुळे ह्या विषयातलं माझं सगळं शिक्षण लहान मुलांच्या पुस्तकांतून झालं आहे. आमचा मेहुणा न्यू जर्सीला असतो. त्याची मुलं मोठी झाली, घर आवरायला काढलं, आणि तिकडे रद्दीवाला दारावर येत नसल्यामुळे त्यांची पुस्तकं एका खोक्यात भरून, इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून आमच्याकडे आली. "भाचीचं इंग्लिश सुधारेल," असं त्याने वर कळवलं. भाचीने, म्हणजे आमच्या कन्येने, खोकं उघडलं, दोन पुस्तकं चाळली, "सगळी मेलेली माणसं आहेत," असा शेरा मारला आणि ती आपल्या मोबाइलकडे परतली. खोकं पलंगाखाली जाणार एवढ्यात मी त्यातलं एक उचललं, आणि पुढचे पंधरा दिवस मला जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागल्या.

मुलांची पुस्तकं मोठ्यांनी वाचावीत असं माझं स्पष्ट मत आहे. अक्षर मोठं असतं, वाक्य लहान असतं, आणि लेखकाला स्वतःला न कळलेली गोष्ट तळटीपेत लपवता येत नाही. ह्या खोक्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धावरची पुस्तकं बरीच होती. जिम मर्फी यांचं 'द बॉइज वॉर' हे १९९० सालचं, मिसरूड न फुटलेल्या शिपायांविषयीचं. जेनिफर आर्मस्ट्राँगबाईंचं 'फोटो बाय ब्रेडी' हे २००५ सालचं. आणि आणखी चार-पाच. तिकडे दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात रणांगणावरच्या प्रेतांचे फोटो खुशाल देतात. आता, आपल्याकडेही चौथीच्या पुस्तकात अफजलखानाचा कोथळा निघतो. पण कोथळा महाराजांनी काढलेला असतो आणि चित्र चित्रकाराने. चित्र पाहून आपण "छान काढलंय" म्हणतो. फोटो पाहून "असं झालं होतं" म्हणतो. सगळा घोटाळा ह्या एका फरकात आहे.

त्या काळी लढाईचा फोटो काढणं हे लढाई करण्याइतकंच कष्टाचं काम होतं. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काच पुसून लख्ख करायची, तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रव्य ओतून सगळीकडे सारखं पसरवायचं, मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच पळत पळत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. ह्या सगळ्याला मिनिटं मिळत जेमतेम दहा-पंधरा. काच वाळली की खेळ खलास. ज्यांनी घरी घावन घातलं आहे त्यांना ह्यातलं मर्म चटकन कळेल. आर्चरने ह्या शोधाचं पेटंट घेतलं नाही. सगळं जग त्याच्या पद्धतीवर पैसे मिळवू लागलं आणि १८५७ साली तो गरिबीतच गेला. कॉमर्स न शिकण्याचे परिणाम.

शिवाय फोटो उतरायला काही सेकंद लागत. तेवढ्यात चौखूर उधळलेलं घोडदळ काचेवर नुसतं धुकं होऊन जाई. म्हणून पहिल्या लढायांच्या फोटोंत लढाईच नाही. लढाईपूर्वी ऐटीत बसलेले अधिकारी आहेत, तंबू आहेत, तोफा आहेत. आणि लढाई संपल्यावर पडलेली माणसं आहेत. 'हलू नका' ही आज्ञा तंतोतंत पाळणारं गिऱ्हाईक तेवढं एकच.

लढाईचे माहीत असलेले सर्वांत जुने फोटो १८४७ चे, अमेरिका आणि मेक्सिको यांच्या भांडणातले. काढणाऱ्याचं नाव लागत नाही. नाव लागणारा पहिला म्हणून ज्याला मान देतात तो जॉन मॅकॉश, ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतला सर्जन. १८४८-४९ च्या दुसऱ्या शीख युद्धाच्या वेळी त्याने फोटो काढले, म्हणजे ह्या धंद्याचा मुहूर्त जवळजवळ आपल्याच अंगणात झाला. पण मुलांच्या पुस्तकांचं मॅकॉशवर प्रेम दिसत नाही, कारण त्याच्याकडे गाडी नव्हती. गाडी होती रॉजर फेंटनकडे.

फेंटन शिकलेला वकील. १८५३ साली लंडनला फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्यात पुढाकार त्याचा. (पुढच्याच वर्षी मुंबईलाही तशी सोसायटी निघाली. मुंबईकर नव्या फॅशनला कधी मागे राहिले नाहीत.) १८५५ च्या मार्चात तो क्रिमियात बालाक्लाव्हा बंदरात उतरला. बरोबर पाच कॅमेरे, सातशे काचा, दोन मदतनीस आणि ही घोडागाडी. गाडी आधी एका वाइनच्या व्यापाऱ्याची होती. फेंटनने तिच्यात अंधारी खोली केली आणि बाहेरून 'फोटोग्राफिक व्हॅन' अशी अक्षरं रंगवली. एवढं मोठं धूड रशियन तोफवाल्यांनाही लांबून दिसे आणि ते अधूनमधून तिच्या दिशेने गोळे टाकत. उन्हाळ्यात आत अशी भट्टी होई की काच तयार होण्याआधीच वाळायची. जूनमध्ये सकाळी दहाच्या पुढे काम बंद.

फेंटनला मँचेस्टरच्या अ‍ॅग्न्यू ह्या चित्रविक्रेत्यांनी पाठवलं होतं. फोटो विकायचे होते, आणि जे विकायचं ते गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात शोभलं पाहिजे. क्रिमियात इंग्रज शिपाई गोळीपेक्षा थंडीने आणि रोगराईने जास्त मेले होते. फेंटनने साडेतीनशेच्या वर फोटो काढले. त्यांत इंग्रजाचं एक प्रेत नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी एखादी शाखा जशी दिसते तशी ती छावणी दिसते. फेंटन स्वतः मात्र जूनअखेर कॉलरा घेऊन परतला.

त्याचा एक फोटो मला फार आवडतो. तेवीस एप्रिलला त्याला अशा एका दरीत जायचं होतं, जिथे रशियन तोफगोळे सतत येऊन पडत. शिपाई तिला 'मृत्युछायेची दरी' म्हणत. निघण्यापूर्वी मदतनीस मार्कस स्पार्लिंगने सुचवलं की आधी गाडीचा एक फोटो काढून ठेवू या, परत येतो न येतो. त्या फोटोत स्पार्लिंग गाडीच्या पुढच्या बाकावर बसला आहे. साहेब कॅमेऱ्यामागे आणि हाताखालचा माणूस कॅमेऱ्यापुढे, असं जगात फार वेळा घडलेलं नाही.

ते किती कमी घडतं, हे पाहायला अमेरिकेत जावं लागतं. मॅथ्यू ब्रेडी हा न्यूयॉर्कचा नामांकित फोटोग्राफर. अब्राहम लिंकनसकट सगळे मोठे लोक त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसलेले. १८६१ साली यादवी सुरू झाली तसा तो जुलैत बुल रनच्या लढाईला गेला, तिथल्या पळापळीत सापडला, कसाबसा परत आला आणि दुसऱ्याच दिवशी लांब अंगरखा आणि गवती हॅट ह्याच वेषात त्याने स्वतःचा फोटो काढून घेतला. सिंहगडावर धापा टाकत चढलेला माणूस वर पोचल्यावर आधी काय करतो, ते आपण पाहतोच. पण ब्रेडीचे डोळे अधू होते. मग त्याने माणसं नेमली, गाड्या दिल्या, काचा दिल्या. अलेक्झांडर गार्डनर, टिमथी ओसलिव्हन, जेम्स गिब्सन ही मंडळी चिखलातून हिंडत फोटो काढत, आणि खाली छापून येई, 'फोटो बाय ब्रेडी'.

ह्यावर मुलांच्या पुस्तकांतून आश्चर्य व्यक्त केलेलं असतं. मला आश्चर्य वाटलं नाही. पत्र आम्ही लिहावं, आकडे आम्ही जुळवावेत आणि खाली सही साहेबांची व्हावी, ह्यावर सगळ्या जगातल्या कचेऱ्या उभ्या आहेत. क्रेडिट ब्रेडीच्या खाती आणि डेबिट ओसलिव्हनच्या खाती; डबल एंट्रीचा नियम तिथेही पाळला गेला एवढंच.

१७ सप्टेंबर १८६२ ला अँटिएटमला लढाई झाली. एका दिवसात सुमारे तेवीस हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. गार्डनर आणि गिब्सन यांनी प्रेतं पुरण्याच्या आत तिथले फोटो घेतले, आणि ऑक्टोबरात न्यूयॉर्कला ब्रेडीच्या गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरलं. लोक जिन्यावर रांगा लावून वर जात आणि भिंगं घेऊन फोटो पाहत. न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं की ब्रेडींनी प्रेतं आणून आमच्या दारात ठेवली नसली तरी केलं आहे जवळपास तसंच. त्याच लेखात पुढे एक भीती आहे. भिंगातून पाहता पाहता एखाद्या बाईला त्या चरात पडलेल्यांत आपला नवरा किंवा मुलगा ओळखू आला तर? हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. लढाईच्या याद्यांत आकडे असतात आणि आकड्याला तोंड नसतं. ते पहिल्यांदा ह्या काचांनी दिलं.

आणि लोकांना ते फार दिवस सहन झालं नाही. ब्रेडीने ह्या उद्योगात एक लाख डॉलर घातले, बराचसा माल उधारीवर. युद्ध संपल्यावर ते फोटो घ्यायला कुणी तयार नव्हतं. दिवाळं निघालं. गोदामाचं भाडं थकलं म्हणून काचांचा एक साठा १८७४ साली लिलावात निघाला आणि युद्धखात्याने तो २,८४० डॉलरना घेतला. पुढच्या वर्षी सरकारने आणखी पंचवीस हजार दिले. ते कर्जाच्या मानाने उपटसुंभ्याला तिळगूळ दिल्यासारखे. १८९६ साली ब्रेडी न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलच्या धर्मादाय वॉर्डात वारला. त्याला कर्ज देऊ नका असं मीही सांगितलं असतं; पण न दिलं असतं तर आज दाखवायला काय राहिलं असतं, ह्याचं उत्तर आमच्या कर्जविभागाकडे नाही.

गार्डनर मात्र हिशेबी. त्याने ब्रेडीला रामराम ठोकून वॉशिंग्टनला स्वतःचा स्टुडिओ काढला आणि १८६६ साली शंभर फोटोंचं दोन खंडांचं पुस्तक प्रसिद्ध केलं. किंमत दीडशे डॉलर. प्रत्येक फोटो कुणी घेतला त्याचं नाव त्याने खाली दिलं. हाताखालच्यांना क्रेडिट देणारा साहेब! मला गहिवरून आलं. तो गहिवर पान उलटेपर्यंत टिकला.

पुढच्या पानावर गेटिसबर्ग होतं. लढाई १ ते ३ जुलै १८६३ ची. गार्डनर, ओसलिव्हन आणि गिब्सन पोचले पाच तारखेला. दोन मोठ्या दगडांमध्ये रचलेली दगडी भिंत, तिच्यामागे पडलेला कोवळा दक्षिणेकडचा शिपाई, भिंतीला टेकवलेली बंदूक. खाली मजकूर असा की हा बंडखोरांचा पट्टीचा नेमबाज, इथे लपून गोळ्या झाडत होता. गार्डनर पुढे सांगतो की नोव्हेंबरात मी पुन्हा गेलो तर सांगाडा आणि गंजलेली बंदूक तिथेच! ही गोष्ट शंभर वर्षं लोकांनी हुंदका आवरत वाचली. मग विल्यम फ्रासानिटो ह्या अभ्यासकाने सगळे फोटो शेजारी शेजारी ठेवून १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की हाच पोरगा इतर फोटोंत चाळीसएक यार्डांवरच्या उतारावर पडलेला आहे. म्हणजे त्याला उचलून ह्या देखण्या जागी आणून ठेवला. बंदूकही नेमबाजाची नव्हे, साधी पायदळाची. आणि गेटिसबर्गवर चार महिन्यांत आठवण म्हणून वस्तू गोळा करणाऱ्यांची अशी झुंबड उडाली होती की तिथे बंदूक तशीच राहील हे बँकेच्या काउंटरवर पेन राहण्याइतकंच अशक्य.

आयुष्यभर लोकांना 'हलू नका' म्हणणाऱ्या माणसाने, जो जन्मात पुन्हा हलणार नव्हता त्यालाच हलवलं.

आमच्या धंद्यात ह्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. ३१ मार्चला ठेवी फुगलेल्या दिसाव्यात म्हणून कुणा मोठ्या गिऱ्हाइकाला गळ घालून चार दिवसांपुरती रक्कम ठेवून घ्यायची आणि एप्रिल उजाडला की परत द्यायची. रक्कम खरी, ठेवीदार खरा, तारीखही खरी. फक्त त्यातून जे चित्र उभं राहतं ते खोटं. गेटिसबर्गचा पोरगा खरा, त्याचं मरण खरं, दगडही खरे. नेमबाजाची गोष्ट तेवढी खोटी.

एकदा ही दृष्टी आली की फेंटनही सुटत नाही. मृत्युछायेच्या दरीत त्याने कॅमेरा एकाच जागी ठेवून दोन काचा उतरवल्या. एकीत तोफगोळे कडेच्या चरात आहेत आणि रस्ता मोकळा. दुसरीत रस्त्यावरही गोळेच गोळे. आधीची कुठली? एरल मॉरिस नावाचा अमेरिकन चित्रपट-दिग्दर्शक २००७ साली हे भांडण सोडवायला थेट क्रिमियात गेला. शेवटी उत्तर मिळालं ते गोळ्यांवरून नव्हे, उतारावरच्या लहान दगडांवरून. ते दुसऱ्या काचेत किंचित खाली घसरलेले दिसतात. दगड वर चढत नाहीत. तेव्हा मोकळा रस्ता आधीचा आणि गोळे नंतर आणून ठेवलेले. बॅलन्स जुळेना की कसा एखादा सतरा पैशांचा फरक सगळं बिंग फोडतो, तसे ते दगड.

हे मी मोठ्या उत्साहाने कन्येला सांगितलं. तिने मान वर न करता निकाल दिला, "म्हणजे फेक."

तिच्या पिढीचा हा मोठा सोयीचा शब्द आहे. दिवसाला दोनशे फोटो डोळ्यांखालून जातात. त्यांचे दोन कप्पे, खरे आणि फेक. मी म्हटलं, "अगं, पोरगा मेला होता हे फेक नाही." ती म्हणाली, "मग खरा म्हणा." माझी पंचाईत झाली. कारण फोटो सगळा खरा म्हटला तर गार्डनरची थाप पचते, आणि सगळा फेक म्हटला तर त्या पोराचं मरणही थापेत जमा होतं. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. मेलेल्यांना पुन्हा एकदा मारण्यासारखी. मग मला आमची जुनी सोय आठवली. जिचा खुलासा लागत नाही अशी रक्कम बँक फेकून देत नाही आणि कुणाच्या खाती जमाही करत नाही. ती सस्पेन्स अकाउंटला ठेवते. कुणी भरली, कधी भरली, कशासाठी भरली हे कळलं की मग योग्य खात्यात वळती करते. "फोटोचंही तसंच करायचं," मी म्हणालो. "कुणी काढला, कधी काढला, कुणासाठी काढला, हे आधी विचारायचं." "आणि काय हलवलं," कन्या म्हणाली, आणि तिने मोबाइल बाजूला ठेवला. एवढ्यासाठी मेहुण्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.

हे चारही प्रश्न ज्याला विचारलेच पाहिजेत तो फोटो मात्र खोक्यातल्या एकाही पुस्तकात नव्हता. तो लखनौचा आहे. सिकंदर बागेत १६ नोव्हेंबर १८५७ ला लढाई झाली. १८५८ च्या मार्चात इंग्रजांनी लखनौ पुरतं परत घेतल्यावर फेलिचे बिआटो नावाचा, व्हेनिसमध्ये जन्मलेला फोटोग्राफर तिथे पोचला. म्हणजे लढाईला चार महिने होऊन गेले होते. त्याच्या फोटोत मागे गोळ्यांनी फुटलेली इमारत आहे, पुढे काही माणसं आणि एक घोडा आहेत, आणि सगळ्या आवारात हाडं आणि कवट्या पसरलेल्या आहेत. चार महिन्यांनी? त्या वेळी लखनौत असलेल्या सर जॉर्ज कँबेल ह्या अधिकाऱ्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की प्रेतं झाकून टाकलेली होती. फोटोग्राफरने हट्ट धरून ती उघडी करवली.

फेंटनने आपल्या गिऱ्हाइकांना इंग्रज शिपायाचं प्रेत दाखवलं नाही. बिआटोनेही नाही. आमची माणसं दाखवायला मात्र उकरून वर काढली. गिऱ्हाईक तेच, दिवाणखानाही तोच. पण तिथे काय शोभतं ह्याचा हिशेब बदलला होता. आणि फोटोच्या नावात काय आहे? त्र्याण्णवावी हायलँडर पलटण आणि चौथी पंजाब पलटण यांनी दोन हजार बंडखोरांची कत्तल केल्यानंतरचा सिकंदर बागेचा अंतर्भाग. मारणाऱ्यांच्या पलटणींची नावं, त्यांतली एक आपल्याच माणसांची, आणि मेलेल्यांचा नुसता गोल आकडा. गेटिसबर्गच्या पोराला निदान खोटी का होईना, एक गोष्ट मिळाली.

बँकेत काही खाती अशी असतात की वर्षानुवर्षं त्यांवर कुणी येत नाही. दहा वर्षं झाली की आम्ही ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका फंडाकडे पाठवतो. लोकांना वाटतं, पैसे बुडाले. बुडत नाहीत. वारस कागद घेऊन कधीही आला तरी ते द्यावे लागतात. त्याला मुदत नाही. म्हणून नोंद नीट ठेवायची असते. उद्या कुणी मराठी मुलांसाठी असं पुस्तक काढलं आणि त्यात लखनौचा हा फोटो घातला, तर खाली काय छापावं हे मी आताच सांगून ठेवतो. स्थळ सिकंदर बाग, लखनौ. लढाई नोव्हेंबर १८५७, फोटो त्यानंतर चार-पाच महिन्यांनी. काढणारा फेलिचे बिआटो. हाडं खरी, मांडणी फोटोग्राफरची. नावं येणे बाकी.